मेणवलीचा वाडा आणि त्याचे दप्तर

आपल्या ग्रंथालयाच्या इतिहास विभागात नाना फडणविसांची चरित्रे, पेशवाईच्या बखरी आणि पत्रसंग्रह जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत एका ओळीने उभे आहेत. जुन्या सभासदांच्या हातांनी त्यांच्या कडा झिजल्या आहेत. पेशवाईच्या प्रदेशापासून दूर, पैनगंगेच्या अलीकडे, निजामाच्या मुलखात वाढलेल्या माणसांनी ही पुस्तके इतक्या आस्थेने का वाचली असतील, असा प्रश्न मला पुष्कळदा पडला आहे. ज्या नानांनी १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याच्या रणात निजामअलीला तह करावयास लावले, त्या नानांचे चरित्र निजामाच्या प्रजाजनांनी वाचावे, यात थोडी गंमतही आहे. परंतु प्रस्तुत लेखात मला नानांच्या राजकारणाविषयी लिहावयाचे नाही. त्या विषयावर पुरेशी शाई खर्च झाली आहे. मला लिहावयाचे आहे ते त्यांच्या खेड्यातल्या घराविषयी, आणि त्या घरात राहून गेलेल्या कागदांविषयी.

वाईच्या वायव्येस, साधारण एका कोसावर, कृष्णेच्या काठी मेणवली हे गाव आहे. डिसेंबर १७६८ मध्ये औंधचे भवानराव त्रिंबक पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री या दोघांनी हे गाव नानांना इनाम दिले. नाना त्या वेळी सव्वीस वर्षांचे होते. पानिपतातून जीव वाचवून परत आलेला, त्या धामधुमीत आईला कायमचा मुकलेला, आणि थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत हिशेबाच्या कामात वाकबगार झालेला हा तरुण. बारभाईंचे कारस्थान, पुरंदरचा तह, वडगाव, सालबाई हे सारे अद्याप पुढे व्हावयाचे होते. म्हणजे मेणवली ही सर्वसत्ताधीश कारभाऱ्याला मिळालेली भेट नव्हे. एका होतकरू फडणविसाला ती मिळाली, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

फडणवीस हा शब्द ‘फर्दनवीस’ या फारसी शब्दावरून आला असे मानतात. फर्द म्हणजे कागदाचा सुटा बंद, आणि नवीस म्हणजे लिहिणारा. कोकणातल्या वेळासचे भानू हे घराणे बाळाजी विश्वनाथाबरोबर घाटावर आले. नानांचे आजोबा बाळाजी महादेव भानू १७१९ मध्ये दिल्लीच्या दंगलीत कामी आले, आणि पेशव्यांची फडणिशी या घराण्याकडे राहिली. तलवारीने मिळवलेल्या जहागिरींच्या त्या काळात हे घराणे लेखणीवर मोठे झाले. त्यामुळे त्यांच्या वाड्याचा इतिहास शेवटी कागदांपाशी येऊन थांबतो, यात मला आश्चर्य वाटत नाही.

इनाम मिळाल्यावर नानांनी तेथे गाव वसवले, नदीला घाट बांधला, एक विष्णूचे व एक मेणेश्वर महादेवाचे अशी दोन मंदिरे उभारली आणि राहता वाडा बांधला. १७८० च्या अखेरीस हे काम पुरे झाले. बारा वर्षे हे बांधकाम चालले आहे, आणि याच बारा वर्षांत नारायणरावाचा खून, बारभाई, इंग्रजांशी पहिले युद्ध, चुलत बंधू मोरोबादादांची फितुरी आणि अटक हे सर्व घडले आहे. पुण्यात एवढी घालमेल चालू असता वाईजवळच्या एका खेड्यात घडीव दगडाच्या पायऱ्या एकेक करून बसत होत्या. नानांच्या स्वभावातली चिकाटी मला एखाद्या तहाच्या कलमापेक्षा या पायऱ्यांत अधिक दिसते.

वाडा मी पाहिला आहे. बाहेरून तटासारखी उंच भिंत असून आत सहा चौक आहेत, आणि सारा पसारा सुमारे दीड एकराचा आहे. शनिवारवाड्याच्या नुसत्या जोत्यांकडे पाहून ज्यांनी पेशवाईची कल्पना केली असेल, त्यांनी मेणवलीला जावे. सागवानी खांब, तुळया, कडीपाटाची छपरे, पडव्या, भिंतींतले कोनाडे आणि फडताळे, वरच्या मजल्यावर जाणारे अंधारे अरुंद जिने हे सारे तेथे जागच्या जागी आहे. काही दालनांच्या भिंतींवर देवादिकांची रंगीत चित्रे अद्याप शिल्लक आहेत. पेशवेकालीन भित्तिचित्रे मूळ जागी, मूळ भिंतीवर पाहावयास मिळण्याची स्थळे महाराष्ट्रात थोडीच उरली आहेत. त्यांतले हे एक होय. श्रीमंती आहे, पण दिमाख नाही. दिवाणखान्यात बसून हिशेब तपासणाऱ्या माणसाचे घर कसे असावे, तसे ते आहे.

मागच्या दाराने बाहेर पडले की घाट लागतो. अर्धचंद्राकृती वळणाच्या रुंद पायऱ्या कृष्णेत उतरतात. मेणेश्वराजवळ एका लहानशा घुमटीत एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती असून १७०७ हे साल कोरलेले आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तेथील चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात जशी एक गेली, तशीच ही मेणवलीस आली. महादेवाच्या दारात मेरीमातेची घंटा दोन शतकांहून अधिक काळ वाजते आहे, आणि तिच्यावरची आकृती कुणी छिन्नीने खरवडून काढली नाही. ही गोष्ट मला घंटेच्या वजनापेक्षा मोठी वाटते.

मात्र या घरात नाना सुखाने किती राहिले, असे विचारले तर उत्तर देणे कठीण आहे. त्यांचा मुक्काम पुण्यात. तेथे शनिवारवाड्याच्या जवळ त्यांचा मोठा वाडा होता. मेणवली हे त्यांचे गावाकडचे घर. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर, १७९६ च्या गोंधळात, पुण्यात राहणे धोक्याचे झाले तेव्हा नानांनी साताऱ्याची आणि वाईची वाट धरली, व तेथून ते कोकणात महाडास उतरले. परिस्थिती पालटताच ते परतले. पण ३१ डिसेंबर १७९७ रोजी शिंद्यांच्या पदरच्या मायकेल फिलोझने विश्वासघाताने त्यांना कैद केले, आणि नगरच्या किल्ल्यात सुमारे सात महिने ठेवून मोठी रक्कम वसूल झाल्यावर सोडले. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात नानांचे निधन झाले.

येथून पुढची कथा नानांच्या चरित्रकारांनी चार ओळींत गुंडाळलेली असते. माझ्या मते वाड्याचा खरा इतिहास येथेच सुरू होतो.

नानांनी नऊ लग्ने केली होती. त्यांच्या मृत्युसमयी दोन स्त्रिया हयात होत्या. पैकी एक थोड्याच दिवसांत वारली. मागे उरल्या त्या जिऊबाई, वय सुमारे नऊ वर्षांचे. मूल नाही, दत्तक नाही, पाठीशी भाऊबंद नाहीत. ज्याच्या धाकाने पुणे दरबार पंचवीस वर्षे चालला, त्याची सारी दौलत या मुलीच्या नावावर येऊन पडली, आणि दुसऱ्या बाजीरावाने ती तत्काळ जप्त केली. मेणवलीही त्यात गेली. पुढच्या धामधुमीत जिऊबाई लोहगडावर पोचल्या. तो किल्ला नानांचे विश्वासू धोंडो बल्लाळ नित्सुरे यांच्या ताब्यात होता. धन्याच्या मृत्यूनंतर त्यांनी किल्ला पेशव्यांच्या स्वाधीन करण्याचे नाकारले व धन्याच्या बायकोला तेथे आसरा दिला. सरदारांनी धनी बदलण्याचा तो काळ होता. त्या काळात नित्सुऱ्यांचे वर्तन उठून दिसते, आणि तरीही त्यांचे नाव आपल्या क्रमिक पुस्तकांत आलेले मला आठवत नाही.

१८०२ च्या अखेरीस वसईचा तह झाला. इंग्रजी फौजेच्या बळावर बाजीराव पुन्हा गादीवर बसला. त्या फौजेचा सेनापती होता जनरल आर्थर वेलस्ली. १८०३ च्या ऑगस्टात त्याने नगर घेतले, सप्टेंबरात असईची लढाई जिंकली, नोव्हेंबरात अडगाव आणि डिसेंबरात गाविलगड घेतला. आपल्या वऱ्हाडालगतच्या मंडळींना ही नावे परकी नाहीत. त्या स्वारीहून परतल्यावर त्याच्यापुढे लोहगडाचा प्रश्न आला. मुंबई-पुण्याच्या वाटेवरचा किल्ला पेशव्यांना न जुमानणाऱ्या माणसाकडे असणे कंपनीच्या सोयीचे नव्हते. हल्ला करण्याऐवजी वेलस्लीने बोलणी केली. किल्ला सोडावा. जिऊबाईंच्या जिवाची व अब्रूची हमी कंपनी घेईल. त्यांनी पनवेलीस राहावे, आणि त्यांना सालीना १२,००० रुपये मिळावेत. मार्च १८०४ मध्ये हे ठरले, आणि मेणवलीचा वाडा व जमीन जिऊबाईंना परत मिळाली.

या प्रसंगाचा अर्थ नीट लावला पाहिजे. वेलस्लीच्या औदार्याचे गोडवे गाणारे लेखन जुन्या इंग्रजी पुस्तकांत आढळते. त्यात तथ्य अगदीच नाही असे नाही, पण त्याला किल्ला हवा होता, हे विसरून चालणार नाही. उलट, ज्या इंग्रजांना नानांनी आयुष्यभर दारापलीकडे ठेवले, त्यांच्याच हमीवर नानांचे घर टिकले, म्हणून हळहळणारेही आढळतात. ही हळहळ मला पुरुषी वाटते. बारा-तेरा वर्षांच्या त्या विधवेपुढे स्वकीय पेशव्याची कैद आणि परक्याची हमी असे दोनच मार्ग होते. तिने, किंवा तिच्या वतीने नित्सुऱ्यांनी, हमी लिहून घेतली.

ही हमी देणारा वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला, हे वाचकांना विदित आहेच. वॉटर्लूच्या विजयाबद्दल इंग्लंडच्या पार्लमेंटने त्याला गावाकडचे घर व जमीनजुमला घेण्यासाठी पैसा मंजूर केला, आणि १८१७ मध्ये हँपशर परगण्यात लॉडन नदीच्या काठी स्ट्रॅटफील्ड से हा वाडा त्याच्यासाठी खरेदी झाला. तेथील जुने घर पाडून वॉटर्लूच्या नावाने टोलेजंग प्रासाद बांधण्याचा बेत होता. खर्चाचा आकडा पाहून ड्यूकने तो सोडला व जुन्याच घरात सोयी करून घेतल्या. लंडनमध्ये अॅप्सली हाउस आणि गावाकडे स्ट्रॅटफील्ड से, पुण्यात नानावाडा आणि गावाकडे मेणवली. दोन्हीकडे नदी आहे, दोन्हीकडे लुटीच्या वस्तू आहेत. अॅप्सली हाउसमध्ये स्पेनच्या राजघराण्याची चित्रे, जी १८१३ मध्ये व्हिटोरियाच्या लढाईत त्याच्या हाती लागली आणि पुढे राजानेच त्याला ठेवून घ्यावयास सांगितली. मेणवलीत वसईची घंटा.

स्ट्रॅटफील्ड से या इनामाची अट मोठी गमतीची आहे. दरसाल १८ जून रोजी, म्हणजे वॉटर्लूच्या दिवशी, ड्यूकच्या वंशजाने फ्रान्सचा एक लहानसा तिरंगी ध्वज राजाला नजर करावयाचा. तोच त्या जमिनीचा खंड. आपल्याकडे इनाम गावाची सनद ‘वंशपरंपरेने चालवावी’ असे सांगे. तिकडेही शब्द निराळे, भाव तोच. पण एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. ड्यूकच्या घरामागे पार्लमेंटचा कायदा उभा होता. जिऊबाईंच्या घरामागे होते केवळ कागद.

हे कागदच पुढे उपयोगी पडले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. जिऊबाई पुढे मेणवलीस राहू लागल्या. १८२७ मध्ये त्यांनी माधवराव नावाचा मुलगा दत्तक घेतला, आणि १८५४ मध्ये त्यांचे निधन झाले. ही साले नुसती वाचून पुढे जाण्यासारखी नाहीत. १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून सातारचे राज्य खालसा झाले. नागपूर आणि झांशी ही राज्ये जिऊबाईंच्या मृत्यूच्याच सुमारास गेली. ज्यांच्या शिक्क्याने इनामे दिली-घेतली जात, ती सिंहासने वारसाअभावी पुसली गेली, आणि एका बालविधवेने सांभाळलेले फडणविसांचे घर मात्र दत्तकाच्या वंशात चालू राहिले. याच काळात, १८५२ च्या कायद्याने, मुंबई इलाख्यात इनाम कमिशनला जोर चढला. गावोगावच्या इनामदारांना सनदा, ताकीदपत्रे, हिशेब दाखवून आपला हक्क सिद्ध करावा लागला. ज्यांच्या घरी रुमाल नीट बांधलेले होते ते तरले, ज्यांचे कागद पावसात भिजले त्यांची जमीन गेली. जुन्या घराण्यांनी दप्तरे देवघराइतकी जपली, ती इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. ती भाकरी होती.

मेणवलीच्या वाड्यातले दप्तर मात्र घरगुती हिशेबापुरते नव्हते. नाना पेशव्यांच्या राज्याचे कारभारी असल्यामुळे दरबारी आणि खाजगी असा भेद त्यांच्या कागदांत राहिला नव्हता. वकिलांची पत्रे, बातमीपत्रे, तहांचे मसुदे, फौजेचे हिशेब, आणि त्यांच्याच शेजारी लग्नमुंजींचे खर्च असे मोडीतले हजारो कागद त्या फडताळांत पडून होते. साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या हाती ते आले. १८७० साली जन्मलेला हा गृहस्थ मोठ्या पदव्यांचा धनी नव्हता, पण जुन्या घराण्यांच्या माड्या धुंडाळून कागद मिळवण्यात त्याच्या तोडीचा दुसरा झाला नाही. १९०८ पासून काही वर्षे त्यांनी ‘इतिहाससंग्रह’ हे मासिक चालवून त्यातील पुष्कळ साहित्य प्रसिद्ध केले. त्यांच्या संग्रहासाठी सरकारने साताऱ्यास ऐतिहासिक संग्रहालय काढले. १९२६ मध्ये पारसनीस वारले, आणि १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवण्यात आला. आज मेणवली दप्तर या नावाने अभ्यासक ज्याचा उल्लेख करतात, ते तेथे आहे.

म्हणजे वाडा मेणवलीस आणि कागद पुण्यास. वाड्यात उभे राहिल्यावर ती रिकामी फडताळे मनाला लागतात, हे मी मान्य करतो. पण कागद तेथेच राहिले असते तर काय झाले असते, याचाही विचार करावा. इंग्लंडातही हेच घडले. वेलिंग्टनच्या वंशजांकडचे लाखभर कागद वारसा-कराच्या बदल्यात सरकारजमा होऊन १९८३ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठाकडे गेले. वेलस्लीच्या मराठा मोहिमेची पत्रे पाहावयाची तर आता तिकडे जावे लागते. दोन घरे, दोन पक्ष, आणि दोघांचेही कागद अखेर विद्यापीठांच्या कपाटांत! घराचे आयुष्य आणि कागदाचे आयुष्य निरनिराळे असते. ज्या घराण्यांना हे वेळेवर कळले, त्यांचे काहीतरी उरले.

घरे टिकवणे तिकडेही सोपे गेले नाही. विसाव्या शतकात भारी कर आणि दोन महायुद्धे यांनी सरदार-उमरावांची हजाराहून अधिक गावाकडची घरे जमीनदोस्त झाली. त्यांच्या विनाशाचे एक प्रदर्शनच १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये भरले होते. आपल्याकडे हैदराबाद संस्थानातील जहागिरी १९४९ मध्ये गेल्या, मुंबई राज्यातली व्यक्तिगत इनामे १९५२ च्या कायद्याने संपली. हे व्हावयासच हवे होते, कुळांच्या घामावर उभ्या असलेल्या व्यवस्थेसाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु जमीन गेल्यावर वाड्यांची डागडुजी कोणी करावयाची, हा प्रश्न मागे राहिला. मेणवलीचा वाडा नानांच्या वंशजांकडेच राहिला, त्यांनी तो उभा ठेवला. त्याच्या घाटावर चित्रपटांची चित्रणे होऊ लागली. २००४ चा ‘स्वदेस’ पाहिलेल्या कित्येकांनी ती पायरी न् पायरी पाहिली आहे, ती कोणाची हे मात्र त्यांना ठाऊक नसते.

हे सारे आदिलाबादेत बसून लिहिण्याचे कारण सांगितले पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी काही विद्यार्थ्यांना घेऊन पैनगंगेच्या काठच्या एका गावी गेलो होतो. गावात एका जुन्या घराण्याची गढी होती. आपले तेलुगूभाषक शेजारी तिला गडी म्हणतात. बुरूज ढासळलेले, आत दोन खोल्या राहत्या. गढीतल्या वृद्ध आजींनी आम्हांला ताक दिले. मी जुन्या कागदांची चौकशी केली तेव्हा त्या सहज म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही दिवाळीच्या आधी यायला पाहिजे होतं. माळ्यावर वाळवी लागली म्हणून पोरानं सगळे रुमाल रद्दीवाल्याला घातले. वाचता कुणाला येत होतं ते?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. घरात मोडी वाचणारा शेवटचा माणूस जाऊन तीस वर्षे झाली होती. गाठोडी वजनावर गेली. काय भाव मिळाला, हे मी विचारले नाही.

परत निघताना आजींनी एका मुलाला माळ्यावर पाठवले. त्याने कोपऱ्यात राहिलेला एक बंद आणून दिला. अर्धा वाळवीने खाल्लेला, वर ‘श्री’ आणि खाली मोडीतल्या आठ ओळी. मला मोडी तेव्हा धड येत नव्हते. पुढे दोन वर्षे शिकलो, आणि मग तो वाचला. त्यात कुणा विधवा बाईने आपल्या वाट्याच्या शेताचा वसूल पोचल्याची पावती लिहून दिली होती. बाईचे नाव वाळवीने खाल्ले आहे. गावाचे नाव आणि तिथी तेवढी शाबूत आहे. तो कागद आपल्या ग्रंथालयाच्या लोखंडी कपाटात, दोन काचांच्या मध्ये बसवून ठेवला आहे. पाहावयाचा असल्यास ग्रंथपालांकडे मागावा.